वारा समोरून येतो

भीमराव मेश्राम रोज सकाळी पावणेआठला लोणी काळभोरच्या कॉलेजात पोहोचत. त्यांची बोटं नऊच्या सुमारास पोहोचत.

२००२ सालच्या डिसेंबरात हा सव्वा तासाचा फरक जिवावर बेतला होता, कारण प्रॅक्टिकल आठचं होतं. भीमराव इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना लेथ मशीन शिकवत. त्याआधी सव्वीस वर्षं ते पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. मग देशात उदारीकरण आलं, कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि साहेबांनी भीमरावांना बोलावून स्वेच्छानिवृत्ती घ्यायला सांगितलं. स्वेच्छा नक्की कुणाची, हे साहेबांनी स्पष्ट केलं नाही.

त्यानंतर भीमराव वर्षभर घरी बसले. त्या वर्षात त्यांनी कर्वेनगरच्या आपल्या सोसायटीतले सगळे गळके नळ दुरुस्त केले, मग न गळणारेही केले. तेव्हा कॉलेजातली ही नोकरी लागली याचा आनंद घरच्यांइतकाच सोसायटीलाही झाला. पण नोकरी तात्पुरती होती. डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी विभागप्रमुख अनिरुद्ध केतकर वर्गात बसून त्यांचं शिकवणं बघणार होते. शेरा बरा आला तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा नळ.

केतकर सर एकतीस वर्षांचे होते आणि फार नम्र होते. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "मेश्राम सर, तुमचा हात बघायला मुलं उत्सुक आहेत." आणि नेमका हातच चालत नव्हता. स्कूटरवरून येताना हडपसर सुटलं की दोन्ही बाजूंना ऊस, त्यावर धुकं आणि समोरून वारा. लोणीला उतरल्यावर भीमरावांना खिशातली किल्ली बोटांनी कळायची नाही, डोळ्यांनी बघावी लागायची. मागच्या गुरुवारी मायक्रोमीटर हातातून पडला. मुलं हसली नाहीत. ते त्यांना जास्त लागलं.

हातमोजे होते. दोन जोड, एकावर एक. फरक शून्य.

"बाबा, प्रॉब्लेम हातांचा नाहीचे," त्यांची मुलगी अक्षता म्हणाली. ती हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिथे तिला जॉब होता. भीमरावांच्या आयुष्यात जॉब म्हणजे मशीनच्या जबड्यात धरायचा लोखंडाचा तुकडा. हिच्या पिढीत जबड्यात कोण आहे ते अजून ठरायचं होतं. "मी नेटवर वाचलंय. छाती गार पडली ना, की बॉडी हातापायांचं रक्त आत ओढून घेते. प्रायॉरिटी असते तिची."

"म्हणजे आमच्या कंपनीसारखंच," भीमराव म्हणाले. "वरच्यांना गार लागलं, की खालच्यांना कमी करायचं."

"तुम्हाला प्रॉपर जॅकेट हवंय. ते जर्किन आता टाका."

ते जर्किन कारखान्याने एका दिवाळीला दिलेलं होतं. गेली चौदा वर्षं भीमराव ते उलटं घालत. आतलं बाहेर असं नव्हे, पुढचं मागे. समोरून हात घालायचे, पाठ छातीवर घ्यायची आणि चेन पाठीला. पुण्यात सकाळच्या पाळीला जाणारे पुष्कळ लोक असे उलटे जात. मागून बघितलं तर माणूस आपल्याकडेच येतोय असं वाटायचं. चेन लावून द्यायचं काम त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई करत. उतरवताना अडचण नव्हती. जर्किन इतकं ढिलं झालं होतं, की डोक्यावरून बनियनसारखं निघायचं. अर्थात निघायला जेवढी जागा होती, तेवढीच वाऱ्याला शिरायलाही होती.

रविवारी बाप-लेक कसबा पेठेतल्या श्रीनिवासरावांच्या दुकानात गेले. श्रीनिवासराव पावसाळ्यात रेनकोट विकत, हिवाळ्यात जॅकेटं, आणि उन्हाळ्यात गिऱ्हाईकं का येत नाहीत याचा विचार करत. अक्षताने ऑफिसात यादीचा प्रिंट काढून आणला होता: बाहेरचं कापड वारा अडवणारं, आत उबेचा थर, उंच कॉलर, मनगटाला आवळायची पट्टी, पाठीला पुरेशी लांबी.

"गाडीवर घालायचंय," ती म्हणाली. "पंचवीस किलोमीटर. पहाटे."

श्रीनिवासरावांनी प्रथम रेग्झिनचं काळं जॅकेट काढलं. भीमरावांनी ते हातात तोललं. "हे घातलं तर मला गाडीवर बसवायला माणूस लागंल."

दुसरं फुगीर होतं. भीमरावांनी दंड हलवला, तसा चिवड्याच्या पिशवीचा आवाज आला.

"शिकवायला जायचंय ना?" श्रीनिवासराव म्हणाले. "मग हे नको. तुमच्याकडे लक्ष जाईल मुलांचं."

तिसरं करड्या रंगाचं होतं. यादीतलं सगळं त्यात होतं, शिवाय चेन वरून झाकायला जाड कापडाची पट्टी. भीमरावांनी ते घेतलं, समोर धरलं, समोरून दोन्ही हात घातले आणि अक्षताकडे पाठ करून उभे राहिले.

श्रीनिवासरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. दृश्य तेच होतं.

"अहो, हे काय?"

"मी असंच घालतो."

"सगळंच? की पँटच्या बाबतीत धोरण वेगळं आहे?"

"वारा समोरून येतो," भीमराव शांतपणे म्हणाले. "चेन म्हणजे सांधा. सांधा वाऱ्याला दाखवायचा नसतो."

"बाबा, कन्सेप्ट समजून घ्या ना! ती पट्टी त्याचसाठी आहे. वारा चेनपर्यंत येतच नाही."

"असं कंपनी म्हणते."

श्रीनिवासराव आतून उभा पंखा घेऊन आले. भीमरावांना जॅकेट सुलटं घालायला लावलं, पंखा छातीपासून वीतभर ठेवला आणि तीनवर सोडला. काउंटरवरची पावतीपुस्तकं फडफडली. अक्षताचा प्रिंट उडून रस्त्यावर गेला.

"लागतंय काही?"

"नाही," भीमरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "पण हा कसब्यातला वारा आहे. लोणीचा वेगळा."

"तो आमच्याकडे स्टॉकमध्ये नाही," श्रीनिवासराव म्हणाले आणि पंखा बंद केला.

भीमरावांनी जॅकेट पुन्हा उलटं केलं, पाठीचं कापड दोन बोटांत चोळून बघितलं, शिवण तपासली आणि हेच घेऊ म्हणाले. तीस वर्षांच्या धंद्यात जॅकेटची पाठ बघून पसंती देणारं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं, असं श्रीनिवासराव म्हणाले; त्यात कौतुक किती होतं हे शोधायला अक्षता थांबली नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला चंद्रभागाबाईंनी चेन वर ओढली. नवीन जॅकेट अंगाला घट्ट होतं.

"सुलटं घाला नं जी एक दिवस. पोरगी म्हणते तर."

"आजच्या दिवशी प्रयोग नको."

"अन् तिकडं काढून कोण देईल?"

"निघते डोक्यावरून."

चंद्रभागाबाईंनी कॉलरची तिन्ही बटणं दाबून लावली, पट्टी बसवली आणि वारा शिरू नये म्हणून सगळीकडून एकदा चेपून बघितलं. त्यांच्या मनात काळजी होती आणि हातात भंडारा जिल्ह्याचं बळ.

हडपसर गेलं, ऊस आला, धुकं आलं. भीमराव वाट बघत होते, थंडी काही आली नाही. कॉलेजच्या फाटकाशी त्यांनी हातमोजे काढले आणि बोटं उघडून मिटून बघितली. दहाच्या दहा हजर होती. खिशात हात घातल्याबरोबर किल्ली कळली, तिचे दातेसुद्धा कळले. भीमरावांना शीळ वाजवावीशी वाटली, पण ते आता शिक्षक होते.

वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी जॅकेट डोक्यावरून ओढलं. ते हनुवटीपर्यंत आलं आणि थांबलं. मदतनीस कोंडीराम धावत आला. त्याने मागून बटणं सोडून चेन खाली खेचली. बोटभर उतरली, मग ती जाड पट्टी चेनच्या दातांत गेली. कोंडीरामाने आणखी जोर केला. आता चेन वरही जाईना आणि खालीही.

"साहेब, पक्की बसली," कोंडीराम म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

तेवढ्यात वीस मुलं आत आली आणि त्यांच्या मागे वही घेऊन केतकर सर.

लेथच्या भोवती जमिनीवर एक पिवळी रेघ होती. ती भीमरावांनी पहिल्याच दिवशी स्वतः ओढली होती आणि नियम सांगितला होता: ॲप्रनवर काही सैल, काही लोंबतं घालून कुणीही रेघेच्या आत यायचं नाही. स्वेटर नाही, ओढणी नाही, मफलर नाही. पिंपरीत एका शर्टाच्या बाहीपायी मित्राची दोन बोटं गेलेली त्यांनी बघितली होती. ते मुलांना सांगितलं नव्हतं, नुसती रेघ जाड ओढली होती.

भीमराव रेघेपाशी येऊन थांबले. पाठीला अर्धवट उघडी चेन, लोंबती पट्टी, गळ्याशी कॉलर. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

"काय झालं सर?" केतकरांनी हळूच विचारलं.

"चेन अडकली. निघत नाही."

"असू दे की. पाच मिनिटांचा तर कट आहे. मुलं समजून घेतील."

भीमरावांनी आपल्या हातांकडे बघितलं. महिनाभरात पहिल्यांदाच आठ वाजता ते गरम होते. आणि रेघेपलीकडे मशीन होतं.

"नाही सर," ते म्हणाले. "मुलं समजून घेतील. मशीन घेत नाही."

केतकरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

भीमराव मुलांकडे वळले. आजवर ते स्वतः सळईवर आटे पाडून दाखवत आणि मुलं बघत. वीसपैकी एकोणीस जणांना पुढे सॉफ्टवेअरलाच जायचं होतं, त्यामुळे बघणं त्यांना पुरत असे.

"भाग्यश्री. तू ये."

भाग्यश्री लोणीचीच होती, रोज चालत यायची आणि मागे उभी राहायची. ती दचकली. "मी? सर, मी मशीनला हातबी लावला नाय अजून."

"म्हणूनच. वेणी ॲप्रनच्या आत. चष्मा घाल. बाही वर."

ती रेघेच्या आत गेली. भीमराव बाहेर. मशीन सुरू झालं, कापणाऱ्या टूलसमोर सळई फिरू लागली.

"आता टूल पुढे घे. हळू. सळईला टेकलं की सांग."

"कसं कळायचं सर?"

सव्वीस वर्षांत हे भीमरावांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना कळायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि मोकळ्या हवेत हात फिरवला.

"आवाज ऐक. आत्ता नुसतं घुं वाजतंय. टेकलं की त्यात एक बारीक सिस् येईल. दूध तापताना कडेला येतं ना, तसं."

वीस जण कान देऊन उभे होते.

"आलं सर!"

"आलं ना? मग आता लिव्हर दाब. घाबरू नको, ते आपणच चालतं. सळईवरच्या खाचेशी आलं की पहिलं टूल मागे, मग लिव्हर वर. आधी टूल!"

पहिला कट उथळ गेला. दुसऱ्याला तिने टूल मागे घ्यायला उशीर केला आणि कडा चरचरली. "सर, हात थरथरत्यात," ती म्हणाली.

"थरथरू दे. हँडल घट्ट नको धरू, चमच्यासारखं धर. माझे महिनाभर थरथरत होते, मशीनला काही वाटलं नाही."

आता मुलं हसली. मोकळेपणी. मागच्या रांगेतले दोघं रेघेपर्यंत पुढे आले. एक जण म्हणाला, "सर, नेक्स्ट मी?" कोंडीराम कोपऱ्यातून मेणबत्तीचा तुकडा घेऊन आला आणि भीमरावांच्या पाठीमागे चेनला मेण घासत बसला. भीमराव तिकडे लक्ष न देता बोलत राहिले. सहावा कट, सातवा कट. सातव्याला चेन एकदम सरकली आणि जॅकेट गळून पडलं. आता भीमराव आत जाऊ शकत होते.

ते गेले नाहीत. जॅकेट कोंडीरामाकडे देऊन तिथेच उभे राहिले. "भाग्यश्री, शेवटचा कट. अगदी केसभर."

मशीन थांबलं. तिने ब्रशने कीस झाडला, टेबलावरचा नट उचलला आणि आट्यांवर फिरवला. तो अर्ध्यावर अडखळला. वर्गातल्या कुणीही श्वास सोडला नाही. तिने चिमटीत धरून हलकेच मागे घेतला, पुन्हा फिरवला आणि तो गुळगुळीत शेवटपर्यंत गेला.

"गेला!" ती ओरडली. मग लाजून म्हणाली, "गेला सर."

मुलं बाहेर पडल्यावर केतकर सर वही मिटून पुढे आले. त्यांनी तो बोल्ट उचलून उजेडाकडे धरला.

"मी स्वतः चार वर्षं इंजिनिअरिंग केलं," ते म्हणाले. "टूल टेकल्याचा आवाज असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"मलाही आजच कळलं," भीमराव म्हणाले.

"जानेवारीपासूनचं टाइमटेबल लावतोय. कायमच्या माणसाला आधी विचारायची पद्धत आहे. तुम्हाला सकाळचं देऊ, की दुपारचं?"

भीमरावांना कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी बोल्ट केतकरांच्या हातातून घेतला आणि रुमालाने त्यावरचं तेल पुसलं.

"आठचंच द्या," ते म्हणाले. "आणि लेथ अजून दोन लागतील. एकोणीस पोरं राहिली आहेत."