टाकीला वाहिलेली हळद

"तू मागं उभी ऱ्हा, मुक्ता," आमच्यातली वयाने थोरली आक्काबाई म्हणाली आणि हळदीकुंकवाचं ताट तिने पदराआड घेतलं.

खंडेनवमी होती. कुरकुंभच्या आमच्या कारखान्यात सगळी यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून गप बसली होती. एक माझीच टाकी चालू होती, कारण आतला माल मुरत होता. मी नबीलाल, त्या टाकीचा ऑपरेटर. मुक्ताबाई माझ्या हाताखाली हेल्पर, ठेकेदाराची. आधी ही टाकी तिचा नवरा चालवायचा, दत्ता. काविळीने गेला बिचारा. 'दसरा झाला की तुम्हाला कायम करू,' असा शब्द मॅनेजर इंद्रजीत साहेबांनी तिला दिला होता. दोन पोरींचं शिक्षण त्या शब्दावर टांगलेलं.

विधवेने हळदीकुंकवाला हात लावायचा नाही, हे आक्काबाईचं शास्त्र. माझं टाळकंच फिरलं.

"आक्काबाई, मी मुसलमान. दरसाल नारळ मी फोडतो, ते चालतं न्हवं टाकीला? मग दत्ताच्या बायकोचंच काय वावडं हाय?"

आक्काबाईने नाक मुरडलं, पण ताट मुक्ताबाईच्या हातात दिलं.

त्या टाकीत आम्ही ॲसिडिटीच्या गोळ्यांचा माल करतो. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमच्या क्षारांचं पाणी सोड्याच्या पाण्यात थेंबथेंब सोडायचं, ढवळायचं, मग ऊन ठेवून मुरवायचं. दुधासारखा पांढराशुभ्र साका धरतो. दत्ता मला शिकवताना म्हणायचा, "ही घडीची पोळी हाय बघ, नबी. एक पापुद्रा, मधी पानी आन् सोडा, परत पापुद्रा. डोळ्यानं दिसत न्हाई, पर हाय. आन् मधी जे शिरंल, त्येला ती सहजी सोडत न्हाई."

नमुना काढायला मी झाकण उघडलं होतं. मुक्ताबाईने टाकीला हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं आणि डोळे मिटले. ताट कललं आणि हळदीची अख्खी वाटी आत गेली.

साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. टाकीतल्या सोड्याने तसंच झालं. बघता बघता दूध लालसर झालं. आम्ही माल गाळला, धुतला, पुन्हा धुतला. पाणी नितळ आलं, पण गाळणीवर उरलेल्या मालाच्या वड्या गुलाबीच राहिल्या. दत्ताच्या पापुद्र्यांनी हळद धरून ठेवली होती.

इंद्रजीत साहेब आले. "नबीलाल, हे काय?"

"गंज असंल साहेब. व्हॉल्व्ह लई जुना झालाय." मी बेधडक ठोकून दिलं. साहेबांना ते पटतही होतं.

"गंज न्हाई साहेब," मुक्ताबाई पुढे आली. "हळद हाय. मी वाहिली. वाटी माझ्या हातनं पडली."

मी डोळे वटारले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही माझ्यासाठी बोलताय नबीभाऊ, कळतंय मला. पर ह्ये गेल्यापासनं पहिल्यांदा हात लावलाय म्या हळदीला. तिला गंज कशी म्हनू?"

साहेबांनी एक गुलाबी वडी उचलून पाहिली आणि परत ठेवली. वाईट माणूस नाही तो. "औषधाचा माल आहे, मुक्ताबाई. मला वर कळवावंच लागेल. तुम्हाला कायम करणं आता जमणार नाही."

दुपारी तिला ठेकेदाराचा फोन आला, उद्यापासून येऊ नका म्हणून.

मला तिचा राग आला. "वहिनी, खरं बोलून काय पदरात पडलं?" मी खेकसलो. रोजच्यासारखी तिने गाळणीची फडकी धुतली, झटकून वाळत घातली. मग म्हणाली, "ह्यो माल आता टाकूनच देनार न्हवं?"

"व्हय."

"मग जरासा घेऊ का?"

मी मान डोलावली.

सुटताना गेटवर वॉचमन हौसराव सगळ्यांचे डबे उघडून बघतो. तिचाही उघडला. आत गुलाबी वडी होती.

"मुक्ताक्का, ह्ये काय?"

"कुंकू हाय," ती म्हणाली.

हौसरावने तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. मग झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी डबा तिला परत दिला.