काळ्या कापडाखालचे वजन

मित्रांनो, माझ्यावर आता कोणी बसत नाही. अमेरिकेतल्या एका डोंगराळ राज्याच्या विधानसभेतली मी जुनी खुर्ची. अंग अक्रोडाच्या लाकडाचे, गादी हिरव्या कातड्याची. एक चाक निखळले, तेव्हा मला तळघरात आणून ठेवले.

पुष्कळ आमदार माझ्यावर बसले आणि गेले. माणसांना चेहरे आठवतात, मला वजने आठवतात. हार्लन टूमींचे वजन मी विसरणे शक्य नाही. तरुणपणी घोड्यावरून पडल्यामुळे ते नेहमी डावीकडे कलून बसत. गावी त्यांचे पशुखाद्याचे दुकान होते. हिवाळ्यात अधिवेशन भरले, की दुकान बायकोवर सोपवून ते राजधानीत येत. दर दोन वर्षांनी दारोदार हिंडत, चर्चच्या जेवणावळीत सर्वांशी बोलत, आणि पुन्हा निवडून येत.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. सीडर ओढ्यावर पक्का पूल. तिथला लाकडी पूल इतका डुगडुगत असे, की मुले शाळेच्या बसमधून उतरून तो चालत ओलांडत. टूमी दर अधिवेशनात विधेयक मांडत आणि ते पडे.

"पलीकडे घरं किती ती? कोंबड्यांसाठी पूल बांधायचा का?" मागच्या खुर्चीवरचे वेंडेल क्राउस हसत.

"कोंबड्या तुला मत देत नाहीत, म्हणून राग का रे?" टूमी म्हणत.

आमच्या सभागृहाला एक वाईट खोड होती. प्रत्येकाच्या मेजावर मत देण्याचे बटण असे; मतदानाच्या वेळी उठून गेलेल्या सदस्याचे बटण त्याचा शेजारी दाबून देई. टूमी कॉफीला निघाले, की शेजारच्या अर्लीनबाईंना सांगत, "बाई, माझंही दाबा हं."

"गिऱ्हाइकांनाही असाच टाकून जातोस का रे, मेल्या?" बाई करवादत, आणि लाकडी पट्टी लांबवून त्यांचे बटण दाबत.

एका फेब्रुवारीत टूमी झोपेतच गेले. रीतीप्रमाणे माझ्यावर काळे कापड घातले, मेजावर पांढरी फुले ठेवली. त्याच आठवड्यात पुलाचे विधेयक मताला आले. टूमींच्या मागे ते अर्लीनबाईंनी चालवले होते, आणि त्यांचे हे शेवटचे अधिवेशन. आता पडले असते, तर पुन्हा मांडणारे कोणी नव्हते.

मतदानाची घंटा वाजली. कापडाखाली माझी गादी दबली. हळूहळू, डावीकडे जास्त. मेजावरचे एक फूलसुद्धा हलले नाही, पण भिंतीवरच्या मतांच्या फळ्यावर टूमींच्या नावापुढे होकाराचा हिरवा दिवा लागला. एका मताने पूल पुढे गेला.

"अर्लीनबाई, सवय जात नाही वाटतं!" कोणीतरी खिदळले.

सभापतींनी हातोडा आपटला. "बाई, तुम्ही दाबलंत?"

"कशानं दाबू? पट्टी काल त्याच्या शवपेटीत ठेवून आले मी."



"मेलेल्याचं मत धरता येत नाही. वगळा ते," सभापती म्हणाले. आता मते समसमान झाली, म्हणजे विधेयक पडणार. निकाल तेवढा सांगायचा राहिला होता. कारकुनाने टूमींच्या मेजाची तार ओढून काढली. दिवा विझला नाही.

क्राउस मागून वाकून पाहत होते. काळ्या कापडावर बसल्याचा खळगा पडला होता, डावीकडे खोल. त्यांचा श्वास माझ्या पाठीला लागला.

"हार्लन," ते पुटपुटले, "ऊठ बाबा. घे तुझा पूल." आणि त्यांनी आपले लाल मत बदलून हिरवे बटण दाबले.

खळगा सावकाश भरून आला. दिवा विझला.

पूल झाला म्हणतात. मी पाहिला नाही, खुर्चीला कोण नेतो? पण मित्रांनो, एवढे ऐका. आपले काम आपल्या हाताने, आपण असतानाच करा. राहून गेलेले काम माणसाला परत बोलावते. आणि परत आलेल्या माणसाचे वजन फार गार असते हो. मी ते पेलले आहे.