लोखंड पोलंडचे, लाकूड वळिवड्याचे

मित्रांनो, मी एक जुनी कॉफी दळायची चक्की आहे. खाली लाकडाची पेटी, पेटीला इवलासा खण, वर लोखंडी वाटी आणि गोल फिरणारी मूठ, असा माझा थाट. टोकियोच्या पूर्व भागात निशी-कसाई नावाची वस्ती आहे. तिथे पाचव्या मजल्यावरच्या एका छोट्या स्वयंपाकघरात मी राहते. आयुष्याची गोष्ट सांगायला बसले आहे, तर आधीच कबूल करते. मी फार जळकी आहे. माझ्याच फळीवर एक तांब्याचे मोदकपात्र बसते. त्याचे कौतुक कानी आले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. या जळकेपणापायी माझ्यावर काय वेळ आली, ते ऐका.

माझा जन्म कोल्हापूरजवळ वळिवड्याला झाला. तेव्हा मोठे युद्ध चालू होते. पोलंडमधून देशोधडीला लागलेली माणसे, बहुतेक बायका आणि मुले, सैबेरिया, इराण असे करत करत तिथे येऊन राहिली होती. चारपाच हजार माणसांचे ते एक गावच होते. बराकींच्या लांब रांगा, दारापुढे फुलांचे वाफे, खिडक्यांना विणलेले पडदे. त्यांचे चर्च होते, शाळा होत्या, नाटके होत. डोक्याला रुमाल बांधलेल्या गोऱ्या बायका भाजीवालीशी मराठीत घासाघीस करत आणि भाजीवाली हसून एक वांगे जास्तीचे टाकी. परक्या मुलखात त्या माणसांनी आपला पोलंड असा नीट मांडून ठेवला होता.

तिथे गुणवंतराव सायकलवरून म्हशीचे दूध घालायला येत. पुढच्या दांडीवर त्यांची सात वर्षांची मुलगी सिंधू बसलेली असे. दुसऱ्या रांगेतल्या यानिनाशी तिची गट्टी जमली. यानिनाच्या आजीने घर सोडताना आपली चक्की कपड्यांत लपवून आणली होती. पण सैबेरियाच्या थंडीत चक्कीची लाकडी पेटी शेकोटीत गेली आणि लोखंड तेवढे उरले. गुणवंतरावांना हे कळले, तेव्हा त्यांनी आपल्या गोठ्याच्या जुन्या दाराची सागवानी फळी आणून दिली. यानिनाच्या आजोबांनी ती रंधून पेटी केली आणि वर लोखंड बसवले. असा माझा जन्म झाला. कॉफी कसली, भाजलेले हरभरेच दळायचे, पण आजी कप तोंडाला लावून डोळे मिटून घ्यायची.

युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला आणि ती माणसे पांगली. निघताना यानिनाने मला सिंधूच्या हातात दिले. सिंधू मला सासरी घेऊन गेली. तिथे मी वेलदोडे आणि जायफळ दळू लागले. "सिंधूवहिनींच्या पुरणाला वास कसा सुटतो बघा," असे लोक म्हणत आणि मी खणात पूड धरून फुगून बसे. मग मिक्सर आला. तो माझा पहिला वैरी. पण सिंधू वेलदोड्याला मलाच काढायची, म्हणून मी त्याला माफ केले.

सिंधूचा मुलगा उदय शिकायला जपानात, सेंदाई शहरात गेला. तिथेच त्याने नाओकोशी लग्न केले आणि पुढे नोकरीसाठी दोघे निशी-कसाईला आले. उदयचे वडील वारल्यावर, १९९६ साली, सिंधू या दोघांकडे राहायला आली. तिने मला नऊवारीत गुंडाळून आणले. फळीवर आधीच ते मोदकपात्र ठाण मांडून बसले होते. उदयने ते पुण्याहून नाओकोसाठी आणलेले.

मित्रांनो, सिंधूकडून नाओको उकडीचे मोदक शिकली आणि माझे दिवस फिरले. त्या वेळी वस्तीत मराठी घरे मोजून नऊ होती. गणपतीला सगळी एका लहानशा सभागृहात जमली. पुण्याची राधिका तर ताटाजवळून हलेना.

"नाओको-सान, एकवीस कळ्या! अहो, आम्हालाही नाही जमत. आणि मोदकपात्र किती सुंदर आहे!"

सारणातले वेलदोडे कुणी दळले, असे एकानेही विचारले नाही. मलाही सोबत नेले होते. मी पिशवीत बसून सगळे ऐकत होते.

उदय-नाओकोची मुलगी इशिता तेव्हा आठ वर्षांची होती. तिला मराठी कळे, पण उत्तर ती जपानीत देई. आजीला जपानी येत नसे. म्हणूनच की काय, मनातले सगळे ती आजीलाच सांगायची. मी दळत असले की ती शेजारी बसे आणि जपानीत बोलत राही. शाळेत मुले तिला 'हाफु' म्हणतात, म्हणजे अर्धी. तू इथली का तिथली, असे विचारतात. सिंधू "हो का गं राणी" म्हणत मूठ फिरवी. मला मात्र दोन वर्षांत जपानी चांगले समजू लागले होते. पण माझ्या डोक्यात मोदकपात्र होते. इशिताच्या बोलण्याकडे मी काडीचे लक्ष दिले नाही, हे आज सांगताना लाज वाटते.

एक दिवस शेजारच्या नोगुची-सान आल्या. या बाई वस्तीचे मासिक पत्रक काढत आणि खाली कचऱ्याच्या जागेवर नजरही ठेवत. त्यांना आपल्या भारतीय शेजाऱ्यांवर लिहायचे होते. प्रत्येक घरातून आपल्या देशाची एक वस्तू हवी होती, तिचा फोटो छापायचा होता.

सिंधूने मला पदराने पुसले आणि पुढे केले. माझा आनंद गगनात मावेना.

"आई, ती पोलंडची ना?" उदय म्हणाला. "त्यांना इंडियाची वस्तू हवी आहे. मोदकपात्र देऊ या."

"पोलंडची कशी? अरे, तिची..."

"आई, त्या थांबल्या आहेत. नंतर सांग."

सिंधूने मला पुन्हा फळीवर ठेवले. मोदकपात्राचा फोटो निघाला आणि पुढच्या महिन्यात छापूनही आला. नाओकोने ते पत्रक फ्रीजवर लावले, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. त्या तांब्याच्या तोऱ्याला ऊत आला. वळिवड्यात मला कुणी पोलंडची का कोल्हापूरची असे विचारले नव्हते. इथे मी कुणाचीच नव्हते. मला इतका हेवा वाटला की ते पत्रक गळून पडावे, मोदकपात्राला पोचा यावा, असे मी रोज मनात म्हणे.

पुढच्या गणपतीला नाओकोने माझ्यात वेलदोडे घातले आणि मी अडून बसले. आतल्या गंजाचे निमित्त होते, पण खरे सांगते, मनात असते तर फिरले असते. मोदक फसावेत, एवढीच इच्छा होती. नाओकोने दोनदा जोर लावला, "आता काय करू?" म्हणाली आणि वेलदोडे खलबत्त्यात कुटले. मोदक फर्मास झाले. नुकसान झाले ते माझे.

"बिघडली ही," उदय म्हणाला. "जागा अडवून बसली आहे नुसती."

दुसऱ्या सकाळी सिंधू नदीकाठी फिरायला गेली होती. उदयने मला पिशवीत घातले आणि कामावर जाता जाता खाली जाळायच्या कचऱ्यात ठेवून दिले. गाडी आली, सगळ्या पिशव्या घेऊन गेली. मला मात्र 'हे नेता येत नाही' अशी एक चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवले. इथे प्रत्येक प्रकारचा कचरा वेगळा, त्याचा वारही वेगळा; जाळायच्या कचऱ्यात लोखंड टाकलेले चालत नाही.

शनिवारी नोगुची-सान पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. कमरेत वाकून, आपणच चूक केल्यासारख्या आवाजात त्या म्हणाल्या, "उदय-सान, माफ करा हं. लाकूड आणि लोखंड वेगवेगळे करावे लागेल. लाकूड मंगळवारी, लोखंड शुक्रवारी."

नाओको लाजेने लालबुंद झाली. या देशात चोरी परवडली, पण कचरा चुकला की मान खाली जाते. उदयने दहा वेळा क्षमा मागितली. मग भरपाई म्हणून तो तिथल्या तिथे वर्तमानपत्र पसरून पेचकस घेऊन बसला. पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. माझी मूठ एका बाजूला गेली. मित्रांनो, तेव्हा मोदकपात्र कुठे होते, ते मला आठवतसुद्धा नाही.

सिंधू आतून आली आणि दारातच थबकली.

"उदय, काय करतो आहेस?"

"आई, वेगळं करतोय. नियम आहे इथला."

"ते लोखंड यानिनाच्या आजीने पोटाशी धरून आणलं. आणि लाकूड माझ्या बाबांच्या गोठ्याचं दार आहे." सिंधू पुढे आली. "दोन घरांनी मिळून जोडली आहे ती. तुला कधीचं सांगायचं होतं, तू ऐकलं नाहीस."

उदयचा हात थांबला, पण पेचकस तिसऱ्या स्क्रूत तसाच होता. तेवढ्यात इशिता धावत आली. तिने माझी पेटी एका हाताने आणि लोखंड दुसऱ्या हाताने छातीशी ओढले.

"बाबा, वेगळं नका करू!" ती मराठीत ओरडली. "शाळेत मला पण विचारतात, अर्धी कुठली, अर्धी कुठली. मी अर्धी नाहीये!"

नाओको जमिनीवर बसली आणि तिने इशिताला माझ्यासकट जवळ घेतले. उदयने पेचकस खाली ठेवला. नोगुची-सानना मराठीचे अक्षर कळले नव्हते, तरी त्यांनी दारातली रिकामी पिशवी हळूच उचलली आणि घडी घालून घेऊन गेल्या.

उदयने मला पुन्हा जोडले, पण जरा वाकडेच. दळताना मी आता कुरकुरते. मला कुणी पत्रकात छापले नाही. मोदकपात्र फळीवर पुढे आहे आणि मी मागे. हेवा अजून वाटतो, सवय अशी थोडीच जाते? पण वेलदोडे घातले की मी फिरते. मुकाट्याने फिरते.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकायला काढाल तेव्हा घाई करू नका. ती कुणी जोडली, हे आधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारा आणि ते सांगू लागले की पुरते ऐकून घ्या. आणि शेजारी बसून एखादे लहान मूल काही सांगत असेल, तर माझ्यासारखे दुसऱ्याच्या फोटोकडे बघत बसू नका. इशिता दोन वर्षे माझ्या कानाशी बोलत होती, आणि त्या घरात तिची भाषा न समजणारी एकटी सिंधूच तिचे ऐकत होती.