पुढचे दहा, मागचे नऊ

गॅरेजच्या मालकाला एक मुलगा होता आणि एक जावई. मुलाचं म्हणणं असं, की बाबांना यातला जावई तेवढा आठवतो.

जावई म्हणजे ताईचा नवरा. त्याचा कारखाना बंद पडला तसा तो इथे आला आणि बघता बघता बाबांच्या गळ्यातला ताईत झाला. मुलगा शाळेच्या दप्तरासकट याच गॅरेजात वाढलेला. पण एखाद्या इंजिनाचा आवाज खटकला, की बाबांची हाक जायची, "जावईबापू, जरा ऐका हो!" आणि मुलाला काय? "अरे ए, तो दिवा धर." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते एक वेळ ठीक, पण निदान दिवा तरी जावयाच्या हातात द्यावा की नाही! मुलाच्या पोटात दुखायचं, आणि खरं सांगायचं तर ते दुखणं आता त्याला आवडायला लागलं होतं. रोज तो त्या दुखण्याला काही ना काही खाऊ घालायचा.

त्यात बाबांची नजर अधू झाली. "हा ट्रक झाला की मी घरी बसणार," ते एका सकाळी म्हणाले. "पुढे गाड्या कोण पास करणार, ते तेव्हाच सांगतो." गाडी पास करणं म्हणजे दुरुस्त झालेली गाडी फाटकाबाहेर सोडायची की नाही, हा शेवटचा शब्द. मुलाला तोच हवा होता. गॅरेज जावयाच्या नावावर केलं तरी चालेल, असंही तो मनाशी म्हणायचा. ते अर्थातच खोटं होतं.

ट्रक खाणीवरचा, चारही चाकांना जोर असलेला. पुढचा एक्सल, म्हणजे पुढच्या चाकांना फिरवणारा आस, भाऊजींकडे आला, मागचा मुलाकडे. अशा ट्रकची एक अट असते: दोन्ही एक्सलमधल्या गिअरच्या दातांचं प्रमाण सारखंच हवं. नाहीतर चारही चाकं जोडली की पुढची एका वेगाने फिरू बघतात, मागची दुसऱ्या, आणि जोर वाटून देणाऱ्या मधल्या पेटीची ओढाताण होते. एका जुवाखाली एक चालणारा बैल आणि एक पळणारा. म्हणून बाबांचा कायदा होता, की आपल्या गिअरचे दात आपण मोजायचे नाहीत. दुसऱ्याने मोठ्याने मोजायचे, आपण ऐकायचे. "स्वतःच्या तोंडातले दात कोणाला दिसतात?" असं म्हणून बाबा स्वतःच हसायचे.

या वेळी मुलाने भाऊजींना बोलावलंच नाही. त्यांनी येऊन दात मोजायचे आणि उद्या बाबांनी म्हणायचं, "जावयाने तपासलंय, मग काळजी नाही!" नकोच ते. मागच्या एक्सलमधल्या पिनियनच्या, म्हणजे छोट्या गिअरच्या, दातांचा भुगा झाला होता. ते त्याने भंगारात फेकलं, फळीवरची छोट्या-मोठ्या गिअरची नवी जोडी उचलून बसवली आणि भाऊजींच्या आधी झाकण लावून मोकळा झाला.

"मोजायला येऊ का रे?" भाऊजींनी विचारलं.

"झालं माझं."

भाऊजी जेवायला गेले तसं त्याने पुढच्या एक्सलवरचं फडकं उचललं. मदतीला नव्हे, खोट काढायला. पिनियन फिरवत दात मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहाच. आणि आपण बसवलेल्या जोडीच्या खोक्यावर तर नऊ लिहिलेलं त्याला स्वच्छ आठवत होतं. त्याला असा काही आनंद झाला, की तो उभ्या उभ्या हसला. चूक आपली असेल हे मनाला शिवलंसुद्धा नाही. त्याने फडकं होतं तसं टाकलं आणि गप्प बसला.

मुलगा मोजायला येईना, तेव्हा जेवून आल्यावर भाऊजींनीही आपलं झाकण लावलं आणि ते चाचणीला स्टिअरिंगवर बसले. बाबा एरवी फाटकाशी उभे राहून बघायचे. आज ते शेजारच्या सीटवर चढू लागले. "माझी शेवटची गाडी. बसतो मीही." मुलगा चरकला. सांगावं का? पण सांगितलं तर भाऊजींची फजिती राहिली. टायर किंचाळतील, अजून काय होणार! त्याने पुढे होऊन दार लावून घेतलं.

कोरड्या काँक्रीटवर भाऊजींनी चारही चाकं जोडली. टायर किंचाळले, ट्रक ठेचकाळत उड्या मारू लागला आणि खालून धाडकन आवाज आला. मधली पेटी फुटली होती. बाबांचं कपाळ समोर आपटलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला! मुलगा धावतच आला. "बघा बाबा, यांनी पुढे दहाचं पिनियन घातलंय! मागे नऊचं आहे!"

"दहाचंच हवं," भाऊजी बाबांना उतरवत म्हणाले. "पुढचं जुनं दहाचंच होतं. तेच परत बसवलं मी."

बाबांनी भंगारातून मागचं फुटकं पिनियन काढायला लावलं. दात गेले तरी त्यांची मुळं राहतात. अंगठ्याने एकेक चाचपत ते मोठ्याने मोजू लागले आणि दहावर थांबले.

म्हणजे चुकलं होतं ते मुलाचं नऊचं.

"बाबा, माझंही चुकलं," भाऊजी घाईने म्हणाले. "मी हट्टाने मोजायला जायला हवं होतं." एवढ्या सगळ्यातही मुलाच्या मनात आलंच, की बघा, आतासुद्धा चांगुलपणा हाच मिरवणार.

"चुका होतात हो. माझ्याही झाल्यात," बाबा म्हणाले. "पेटी नवी घालू." मग ते मुलाकडे वळले. "पण पुढचं झाकण तर बंद आहे. आत दहा आहेत हे तुला कोणी सांगितलं?"

भाऊजींनी मुलाकडे पाहिलं आणि ते तोंड उघडणार, तोच मुलगा म्हणाला, "मी मोजले. हे जेवायला गेले होते तेव्हा."

बाबांचा हात कपाळावरच्या टेंगळाकडे गेला. "म्हणजे मी आत चढलो तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

बाबा घराकडे चालू लागले. भाऊजी त्यांच्यामागे गेले नाहीत; ते तिथेच, मुलाशेजारी उभे राहिले. 'मीच सांगितलं होतं त्याला,' असं म्हणून त्यांनी आपल्याला सांभाळून घेतलं असतं, हे मुलाला पक्कं ठाऊक होतं. बाबांचं पाठ फिरवणं त्याला सोसलं. ते सांभाळून घेणं सोसलं नसतं.