पाच पंच

“ही भिंत भूकंपानं पडली न्हाई, साहेब. लोकायनं जाळली म्हनून पडली. तसंच लिवा.”

पारूबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि रेणुकादास तलाठी शाईचं पॅड हातात धरून उन्हात ताटकळला. किल्लारीकडं जमीन हलली त्याला दोन महिने झाले होते. आमच्या गावालाही हादरा बसला होता, म्हणून घरोघर पंचनामे चालले होते. बौद्धवाड्यातलं एकही घर सोडायचं नाही, असं सरपंच शेषेरावनं फर्मान काढलं होतं. पुढं निवडणूक होती ना!

माझं घर पारूबाईच्या भिंतीला लागून. तासाभरापूर्वी माझ्या कागदावर ‘भूकंपाने पडझड’ लिहून झालं आणि मी मुकाट अंगठा दिला. माझीही भिंत तिच्यासारखीच, त्याच आगीतली. पण मदतीत मिळणारे पत्रे दिसत होते डोळ्यांपुढं, खोटं कशाला बोलू?

“पारूबाई, येडी झालीस का वं?” शेषेराव म्हणाला. “तुज्याच भल्याचं करून राहिलो. धम्मप्रियाला लातूरला शिकवायचं म्हन्तीस, आन् हितं पोरीच्या वह्या पावसात भिजतात. दे अंगठा.”

ती मागची भिंत छातीइतकीच उरलेली, वरपर्यंत काळी. पारूबाईनं तिला पंधरा वर्षांत एकदाही पांढरी माती लावली नव्हती. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून तालुक्याला मोर्चा गेला, तेव्हा तिचा नवरा पंढरी पुढं होता. मोर्च्यावर गोळीबार झाला. पंढरी बैलगाडीतून परत आला, गोणपाटाखाली. त्याची राख सावडली नाही तोच गावानं आमचा बौद्धवाडा पेटवला. पारूबाई सहा महिन्यांची गरोदर. माझा हात धरून ओढ्यात पळाली.

मग फौजदार आला. म्हणाला, “गावातले पाच पंच आणा, मग पंचनामा करतो.” पारूबाई पोट सांभाळत दारोदार फिरली. शेषेरावच्या दारातही गेली. सगळीकडं एकच उत्तर: आमी काई बघितलं न्हाई. पंच नाही म्हणून पंचनामा नाही, पंचनामा नाही म्हणून खटला नाही. आमची तेवीस घरं जळाली, पण कागदावर काडीसुद्धा पेटली नाही!

आणि आज शेषेरावच्या मागं पाच पंच खिशाला पेन लावून उभे होते. उंदराला मांजर साक्ष! रॉकेलचा डबा कुणाच्या घरातून निघाला होता, हे वाड्यातल्या लेकरालाही ठाऊक होतं.

“तवा एक पंच भेटला न्हाई,” पारूबाई त्यांच्यावर कडाडली. “आज पाच-पाच कुठून उगवले?”

पाचही जण खाली बघू लागले.

“जुनं कशाला उकरतीस?” शेषेराव पुटपुटला.

“जुनं? रोज भाकर थापताना तोंडापुढं हाय ते! माजा पंढरी बी भूकंपानंच मेला का? लिवा की तसं!”

तलाठी नांदेडचा, नवा पोरगा. हलक्या आवाजात म्हणाला, “बाई, तुम्ही म्हणता तसं लिहिलं तर एक पत्रासुद्धा मिळणार नाही.”

पारूबाईनं लेकीकडं बघितलं. धम्मप्रिया दहावीला होती. बापाचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. त्या क्षणी पारूबाईनं अंगठा दिला असता, मला दिसत होतं.

“माय,” पोर म्हणाली, “खरं लिवू दे. मागून मी ताडपत्री बांधते.”

तलाठ्यानं लिहिलं. पारूबाईनं असा दाबून अंगठा उठवला की खालच्या कागदालाही शाई लागली. सहीची वेळ आली तसे पंच एकेक करून सटकले, शेवटी शेषेरावही. तलाठ्यानं एकट्यानंच सही ठोकली.

पुढं संक्रांतीला विद्यापीठाला नाव दिल्याचं रेडिओनं सांगितलं. पोरांनी फटाके उडवले आणि पारूबाई दिवसभर रडली. त्याच आठवड्यात तिला कागद आला. धम्मप्रियानं वाचला: ‘सदर घराची पडझड भूकंपामुळे नसून सन १९७८ मधील जाळपोळीमुळे झालेली असल्याने आपण मदतीस अपात्र आहात.’

“गेले वं पत्रे,” मी म्हणाले.

“पत्र्याचं सोड, केवळाबाई. शिक्का बघ,” ती म्हणाली. “सरकारचा हाय. आपलं घर जाळलं म्हनून सरकारनं लिवलं.”

तिनं भाताच्या शितांनी तो कागद बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चिकटवला आणि दार सताड उघडलं.

“आनिक एकदा वाच, धम्मे. मोठ्यानं. शेषेरावच्या वट्ट्यावर आयकू गेलं पायजे.”

पोर वाचू लागली. मी माझ्या नव्या पत्र्याखाली जाऊन बसले, पण मला तिथं बसवेना.