आरशाला अकरा ताईत

"आधी काच कोरडी कर. मग पत्रा टेकव आणि मिनिटभर दाबून धर. घाई करायची नाही, बीयुन."

हा आवाज वांशिंगचा, माझ्या नवऱ्याचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या जुन्या गाडीतला मागचं दाखवणारा आरसा त्याच्या हयातीत एकदा निखळला होता, तेव्हा त्याने तो असा चिकटवला होता. काल दुपारी तो पुन्हा पडला. उन्हात तापलेल्या गाडीचं दार उघडलं, तर आरसा सीटवर, त्यालाच टांगलेल्या ताइतांच्या दोऱ्यांत गुरफटलेला. फुटला नव्हता, तरी माझी पंचाईत झाली.

कारण आज सकाळी सहाला शेजारच्या फेंगच्याओ मावशींना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तायतुंगच्या इस्पितळात न्यायचं मी कबूल केलं होतं. मावशी शकुन-अपशकुन फार मानणाऱ्या. दोनदा त्यांनी तारीख मोडली होती. एकदा पंचांग आडवं आलं, एकदा निघताना चपलेचा बंद तुटला. एका डोळ्याने त्यांना दिसतच नाही, आणि दुसऱ्यातला मोतीबिंदू आणखी पिकला तर काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आरसा पडल्याचं कळलं की त्या उंबरा ओलांडणार नव्हत्या. आणि खोटं बोलणार नाही, हे व्रत मी रोज पहाटे क्वानइन देवीसमोर उच्चारते.

गॅरेजवाला लेकीच्या लग्नाला गेलेला. दुकानातून गोंद आणला. ब्लेडने गाडीच्या समोरच्या काचेवरचा जुना थर खरवडला, स्पिरिटने पुसला. आरसा ज्यावर बसतो त्या छोट्या पत्र्याची रुंद बाजू वर की खाली, तेच आठवेना. आरशाच्या खाचेत घालून पाहिला तेव्हा कळलं, खाली. दाबून धरला आणि मिनिट मोजण्याऐवजी एकशे आठ वेळा देवीचं नाव घेतलं. मग पाकिटावरची ओळ दिसली: चोवीस तास आरसा चढवू नये. माझ्या हातात जेमतेम चौदा होते.

ओट्यावर बसून दोऱ्यांची गुंतवळ सोडवत होते, तेवढ्यात मावशी चाचपडत आल्या. उद्या काय घालू, डबा न्यायचा का, असं बरंच विचारून झालं. मग म्हणाल्या, "गाडी धड आहे ना गं?"

"आरसा पडला, मावशी. चिकटवलाय. धरेल की नाही, सांगता येत नाही."

त्या खाली बसल्या. "मग राहू दे. देवीच नको म्हणते आहे."

मांडीवरचा ताइतांचा घोस त्यांच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी तो वर-खाली करून तोलला.

"किती आहेत हे?"

"अकरा."

नव्या वर्षी देवीचा नवा ताईत आणायचा आणि जुना जाळण्यासाठी देवळाच्या भट्टीत परत द्यायचा, ही आमच्याकडची रीत. पण देवीला काढून टाकायचं कसं, म्हणून मी दरवर्षी जुन्यावरच नवा बांधत आले.

"परत नाही केलेस?"

"जीव झाला नाही."

मावशी खांदे हलवून हसायला लागल्या. "अगं भक्तिणी, बोटभर पत्र्यावर अकरा देवींना लटकवलंस. त्यांनी तरी किती दिवस धरून बसायचं?" उठताना माझ्या खांद्यावर भार देत म्हणाल्या, "सहा म्हणजे सहाला ये. माझा विचार बदलायच्या आत."

रात्रभर मला झोप नव्हती. मी खरं तेच सांगितलं होतं. पण आरसा वजनाने पडला, की उन्हाने, की खरंच कुणी अडवत होतं, हे मला तरी कुठे ठाऊक?

पहाटे जप झाल्यावर ताईत न बांधताच आरसा खाचेत सरकवला, स्क्रू हलकाच पिळला आणि एकेक बोट सोडत हात काढला. राहिला. पावणेसहा झाले होते. मी हँडब्रेक सोडला आणि गाडी अगदी सावकाश मावशींच्या दाराकडे वळवली.