काळी पट्टी

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्या हातात वीतभर कागदाची पट्टी आहे. वर प्लास्टिकचं चकचकीत कवच, आणि आतला कागद मात्र पाटीसारखा काळाकुट्ट. दारव्ह्याच्या घरी, खिडकीपाशी, डॉक्टर अश्वजित अशीच पट्टी उजेडात धरून उभा होता. तो त्याच्या आईचा, कांताबाईंचा, ईसीजी होता. त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते.

"हे असं काहून झालं?"

"म्या लॅमिनेशन करून आणलं," दहा वर्षांची भाची मैत्रेयी म्हणाली. "आजी म्हणे, मामा येईपर्यंत खराब नाई झाली पाह्यजे. मशीनीतून निघाली तं अशीच."

हा कागद उष्णतेनं काळा पडतो, हे तिला कोण सांगणार? अश्वजितला राग आला नाही. नऊ दिवसांत रडूही आलं नव्हतं.

तो हृदयाचा डॉक्टर, पण रोगी तपासत नसे. कंपन्या नवी औषधं बनवतात. ती घेऊन पाहणाऱ्यांचे ईसीजी त्याच्याकडे येत. ठोका पडल्यावर पुढच्या ठोक्यासाठी सावरायला हृदयाला थोडा वेळ लागतो. औषधानं तो वेळ लांबतो का, एवढंच तो मोजायचा. फार लांबला तर हृदय अचानक थांबू शकतं. त्या कागदांवर नावं नसत, नुसते क्रमांक. कालही त्याने याच खिडकीत बसून चाळीस वाचले होते.

आईला नव्या गोळ्या सुरू झाल्या आणि चक्कर येऊ लागली, म्हणून तिनं हा ईसीजी काढून घेतला. फोनवर तो म्हणाला होता, "पाहतो." तिच्या हृदयाचा तो वेळ लांबला होता का, हे ही पट्टी आता सांगणार नव्हती. त्याने ती खाली ठेवली. त्याला चक्क हायसं वाटलं.

"जाऊ दे, बेटा. आता ते कोनालेच नाई कळत."

"कळते ना! लॅमिनेशनच्या आधी फोटो काढलता म्या. आजीनं तुमाले पाठवाले लावला. पाह्यला नाई का?"

त्याने फोन काढला. आईचं नाव बरंच खाली गेलं होतं. आत एक धुरकट गुलाबी चौकोन होता, त्याच्या मधोमध खाली वळलेला बाण. न उघडलेला फोटो. तारीख आई जायच्या सहा दिवस आधीची.

त्याचा अंगठा बाणापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"काय झालं, मामा? नेट नाई का?"

मैत्रेयीने जराशी वाट पाहिली. मग ती त्याच्या जवळ सरकली, फ्रॉकला बोट पुसलं आणि त्या बाणावर टेकवलं.